सुतारपक्ष्याचे घरटे : नांदते की रिकामे?



पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची वनराई आणि पश्चिमेस उत्तन-डोंगरीच्या वाड्या, यांमुळे २००२ साली महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरच्या दाट वस्तीतही सोनपाठी सुतारपक्ष्याचा खणखणीत आवाज कानी पडतो. पावसाळ्याच्या तोंडावर वाळकी, धोकादायक झाडे तोडण्याचे काम निघते आणि नेमक्या अशाच खोडांत हा पक्षी ढोली कोरतो. त्याचा विणीचा हंगाम साधारणतः फेब्रुवारी ते जुलै असा असतो. तेव्हा जूनमधील ढोली रिकामीच असणार, असे गृहीत धरणे योग्य नव्हे.

मग ओळखावे कसे? बुंध्याशी पडलेल्या लाकडाच्या ताज्या ढलप्या ढोली नुकतीच कोरल्याचे दर्शवितात. परंतु त्या पावसात वाहून जातात. सबब त्या नाहीत म्हणून घरटे नाही, हे अनुमान फसवे ठरते. ढोलीच्या तोंडावर कोळ्याचे अखंड जाळे असेल, तर काही काळ ये-जा झालेली नाही, असे समजावे.

खरी साक्ष पक्ष्यांच्या वावराची. सकाळी दूर आडोशाला राहून किमान तासभर पाहावे. मुंग्या हे या पक्ष्याचे आवडते खाद्य. ते तो घशात साठवून आणतो. त्यामुळे चोच रिकामी दिसली तरी आत पिले असू शकतात. बाहेर पडताना चोचीत विष्ठा असेल, तर पिलांविषयी शंका उरत नाही. मोठी झालेली पिले तर ढोलीतून डोकावतातच. अंडी उबविताना मात्र नर-मादी आळीपाळीने आत बसतात व फारशी हालचाल दिसत नाही. यास्तव एका दिवसावर निर्णय न घेता सलग दोन-तीन दिवस निरीक्षण करावे. खोडावर ठोकणे किंवा ढोलीत काठी घालणे कटाक्षाने टाळावे. सुतारपक्षी गेला तरी पोपट, साळुंकी वा दयाळ तेथे संसार थाटतात, हेही ध्यानी असावे.

अंडी उबण्यास सुमारे ११ दिवस व पिले उडण्यास सुमारे २० दिवस लागतात. म्हणजे प्रश्न फार तर महिन्याभराचा आहे. झाड मार्गावर झुकले नसेल, तर तेवढी मुदत देता येते. किंवा वरच्या धोकादायक फांद्या उतरवून ढोलीचे खोड राखता येते. धोका तातडीचा असल्यास तोडण्यापूर्वी वनविभागाचा सल्ला घ्यावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणेही येते, आणि नागरी क्षेत्रातील वृक्षतोडीस १९७५ च्या झाडांच्या संरक्षणविषयक अधिनियमानुसार परवानगी लागते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अशा ढोल्यांची नोंद ठेवून घ्यावी आणि तोडीचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती आधी पाहावी, एवढीच विनंती.