हायडीचे दुखणे

(गणेशोत्सवातील ‘मला आवडलेले पुस्तक’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझ्याआधीच्या वक्त्यांनी ज्ञानेश्वरीवर आणि ‘श्यामची आई’वर छान विवेचन केले. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. आयुष्य चाकांच्या आणि ब्रेकच्या सान्निध्यात गेले, त्यामुळे माझे पुस्तक जरा साधे आहे आणि लहान मुलांसाठी लिहिलेले आहे. नाव ‘हायडी’. लेखिका योहाना स्पिरी. देश स्वित्झर्लंड. पहिला भाग १८८० साली आला, दुसरा १८८१ साली. पहिल्या भागाच्या नावाचा अर्थ ‘हायडीची शिकण्याची आणि भटकण्याची वर्षे’ आणि दुसऱ्याचा ‘शिकलेले हायडीला उपयोगी पडते’ असा होतो. बहुतेकांना हे पुस्तक शिंगरासारख्या उड्या मारणाऱ्या मुलीचे, शेळ्यांचे आणि बर्फाच्या डोंगरांचे म्हणून ठाऊक असते. जपानी लोकांनी १९७४ मध्ये त्यावर कार्टून मालिका काढली, तीही तशीच गोड आहे. पण माझ्या मते हे पुस्तक एका आजाराचे आहे, एका निदानाचे आहे, आणि त्या निदानानंतर घरी परतण्याचे आहे.

कथा थोडक्यात सांगतो. हायडी ही अनाथ पोर. पाच वर्षांची असताना मावशी तिला डोंगरावर एकट्या राहणाऱ्या आजोबांकडे सोडून जाते. आजोबा गावाशी भांडलेले, देवाशी भांडलेले, चर्चमध्ये वर्षानुवर्षे पाऊल न टाकलेले. पोरीने मात्र त्यांना जिंकले. माळ्यावर गवताचे अंथरूण, शेळीचे दूध, विस्तवावर भाजलेले चीज, आणि घरामागे वाऱ्याने घुमणारी तीन जुनी झाडे. खाली पीटर नावाच्या गुराख्याची आंधळी आजी राहते, तिचाही पोरीला लळा. आठव्या वर्षी तीच मावशी परत येते आणि तिला जर्मनीत फ्रँकफर्टला एका श्रीमंत घरी नेऊन ठेवते. त्या घरात क्लारा नावाची पांगळी मुलगी चाकाच्या खुर्चीत असते, तिला सोबत हवी असते.

फ्रँकफर्टमध्ये हायडीला काही कमी नाही, हे लक्षात घ्या. कपडे आहेत, गादी आहे, जेवणाला मऊ पांढरे पाव आहेत. क्लाराची आजी प्रेमळ आहे, तिने तिला वाचायला शिकवले. फक्त घर सांभाळणाऱ्या रोटेनमायर बाई कडक शिस्तीच्या. त्यांना ‘हायडी’ हे नावसुद्धा चालत नाही, ‘आडेलहाइड’ म्हणायचे. पोर जेवणातला पाव खात नाही, आंधळ्या आजीला गावची काळी भाकर चावत नाही म्हणून तिच्यासाठी कपाटात साठवून ठेवते. रोटेनमायर बाई एक दिवस ते कपाट उघडतात आणि वाळलेले पाव फेकून देतात. डोंगर दिसेल या आशेने ती चर्चच्या मनोऱ्यावर चढते, तर वरून नुसती छपरे दिसतात.

मग घरात भूत येऊ लागते. रोज सकाळी पुढचा दरवाजा सताड उघडा सापडतो. नोकर घाबरतात. घरमालक झेसेमान परगावाहून परततात, आपल्या जुन्या डॉक्टर मित्राला बोलावतात, आणि दोघे रात्री पिस्तूल जवळ ठेवून बसतात. रात्री एकच्या सुमाराला कडी वाजते. पाहतात तर दारात पांढऱ्या झग्यात अनवाणी उभी हायडी, झोपेत चालत आलेली.

यानंतरची दोन पाने माझ्या मते साऱ्या पुस्तकाचा गाभा आहेत. डॉक्टर तिला उचलून अंथरुणावर ठेवतात, शांत होऊ देतात आणि मग चौकशी करतात. कुठे जायचे होते? कुठेच नाही. स्वप्न पडते का? रोज पडते. आजोबांकडे आहे, बाहेर झाडे घुमताहेत, म्हणून दार उघडायला धावते, आणि जाग येते तेव्हा फ्रँकफर्टच असते. दुखते का कुठे? दुखत नाही, पण छातीवर मोठा दगड ठेवल्यासारखे वाटते. मग रडतेस का? नाही, इथे रडायचे नाही असे बाईंनी सांगितले आहे.

आमच्या कामात एक शिकवण असते. डबा आवाज करतो म्हणून चाक बदलायला धावू नये, आधी आवाज कुठून येतो ते ऐकावे. हा डॉक्टर तसा ऐकणारा आहे. तो खाली येऊन मित्राला सांगतो की मुलगी झोपेत चालते, घराच्या ओढीने तिचा सापळा झाला आहे, आणि तिला उद्याच्या उद्या डोंगरावर पाठवा. झेसेमान भला माणूस, त्याला लाज वाटते. धडधाकट आलेली पोर अशी वाळून परत पाठवू? आधी बरी करा, मग पाठवू. डॉक्टर म्हणतो, हे भुकट्या-गोळ्यांनी जाणारे दुखणे नाही. आता पाठवलीस तर बरी होईल, उशीर केलास तर कदाचित बरी होण्यापलीकडची परत पाठवशील, किंवा पाठवायला उरणारही नाही.

हे वाचून मला वाटले होते की लेखिकेने गोष्टीसाठी रंगवले असेल. शोधले तेव्हा कळले की घराची ओढ हा स्विस लोकांचा खरोखरीचा वैद्यकीय रोग होता. १६८८ मध्ये बाझेल येथे योहानेस होफर या तरुणाने त्यावर प्रबंध लिहिला आणि ‘घरी परतणे’ व ‘वेदना’ या दोन ग्रीक शब्दांपासून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द बनवला. आज आपण जुनी गाणी ऐकताना तो शब्द वापरतो, पण होफरसाठी ते ताप, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे असे जिवावर बेतणारे दुखणे होते. परदेशच्या सैन्यात भाडोत्री शिपाई म्हणून गेलेल्या स्विस तरुणांना ते फार होई. गुरे हाकताना गायच्या एका गाण्याचे सूर ऐकून शिपाई रडत, पळून जात, म्हणून सैन्यात ते गाण्यास बंदी होती, असे रूसोने लिहून ठेवले आहे.

आणखी एक गंमत. शॉइक्त्सर नावाच्या स्विस विद्वानाने पुढे या रोगाचे कारण हवेचा दाब हे दिले. डोंगरावरच्या विरळ हवेतला माणूस सपाटीवर आला की जड हवा त्याच्या रक्तवाहिन्या दाबते, म्हणून त्याला घरी पाठवावे, नाही तर निदान उंच टेकडीवर किंवा मनोऱ्यावर ठेवावे. व्हॅक्यूम ब्रेकवर उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याला ही उपपत्ती फार आवडली. चुकीची आहे, पण आवडली. हायडी मनोऱ्यावर चढते ते वाचताना आता मला शॉइक्त्सर आठवतो.

आता घरचे सांगतो, कारण हे पुस्तक आमच्या घरी आले ते मुलीच्या शाळेच्या वाचनालयातून, आणि त्याच वर्षी माझी आई आमच्याकडे होती. आईला स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया आणि पुढचे सगळे उपचार कोलकात्यात झाले. ती वाईजवळच्या आमच्या गावाहून कधी महिनाभरसुद्धा बाहेर राहिलेली नव्हती. इथे क्वार्टरमध्ये अकरा महिने राहिली. (सहज सांगतो, अनेकांना माहीत नसते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी प्रवास करताना स्लीपर आणि थर्ड एसीचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. आपल्या गावाकडच्यांना जरूर सांगा.)

उपचार संपले, अहवाल चांगला आला, पण आई काही सावरेना. सौ. वरणभात मऊ करून देई, ती दोन घास खाऊन ताट सारी. पहाटे चारला यार्डात शंटिंगचा आवाज झाला की उठून बसे आणि विचारी, “एस.टी. आली का रे?” गावाला पहिली गाडी त्या वेळी येते.

मुलगी संध्याकाळी आजीला हायडीची गोष्ट मराठीतून सांगत असे. आईचे शेरे ऐकण्यासारखे होते. रोटेनमायर बाईंचे वर्णन ऐकून म्हणाली, “ही तर आमच्या थोरल्या जाऊबाई.” कपाटातल्या पावांबद्दल म्हणाली, “बुरशी धरली असणार गं त्याला.” डॉक्टरचे प्रकरण झाले त्या रात्री काहीच बोलली नाही. आठ दिवसांनी मला म्हणाली, “आझाद हिंदचं तिकीट बघ.”

त्यावरून घरात मोठा वाद झाला. पुण्याचा माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, “दादा, मुलांची पुस्तकं वाचून आता औषधपाणी ठरवायचं का?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. हायडीला घराची ओढ हाच रोग होता, म्हणून घर हे औषध लागू पडले. आईच्या रोगाला वाईची हवा हे औषध नाही. मला पुस्तकातली हीच एक गोष्ट खटकते. दुसऱ्या भागात क्लारा डोंगरावर येते, शेळीचे दूध पिते, आणि चक्क चालायला लागते. वाचताना डोळ्यांत पाणी येते हे खरे, पण तसे समजून कोणी उपचार सोडून गावी गेले तर अनर्थ होईल. आमच्याकडे कर्करोगावर गावठी औषध घेण्यासाठी दवाखाना सोडलेली माणसे मी पाहिली आहेत.

शेवटी आईच्या डॉक्टरांनाच विचारले. ते म्हणाले, उपचार पूर्ण झाले आहेत, दर तीन महिन्यांची तपासणी पुण्यातही होईल, गोळी रोज घ्यायची, आणि या दोन गोष्टी चुकणार नसतील तर त्यांना इथे अडवून काय मिळवणार? भावाने तपासणीची जबाबदारी घेतली. मी आईला घेऊन निघालो. भुसावळला गाडी थांबली तेव्हा तिने स्वतःहून केळी मागितली, आणि दोन खाल्ली.

हायडीचा परतीचा प्रवासही आगगाडीचाच आहे. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून माइनफेल्डवरून कूरपर्यंत जाणारी लाइन १८५८ मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर पाच वर्षांनी. हायडी फ्रँकफर्टहून बाझेलला येते, तिथे एक रात्र मुक्काम, आणि झेसेमानने नोकराला बजावलेले असते की पोर झोपेत चालते, खिडकी पक्की बंद कर. सगळ्या वाटेत तिच्या मांडीवर एक टोपली आहे, तीत आंधळ्या आजीसाठी बारा ताजे पाव. पेटी ती पाववाल्याच्या गाडीवर ठेवू देते, टोपली हातची सोडत नाही.

आणि ती पोहोचते त्या रात्री काय होते? हायडी गवताच्या अंथरुणावर गाढ झोपते. झोप लागत नाही ती आजोबांना. ते रात्रीतून दहा वेळा शिडी चढून वर जातात, पोर जागेवर आहे ना ते बघतात, चांदणे तिच्या तोंडावर पडू नये म्हणून गवत कोंबून झरोका बुजवतात. आईला गावी पोहोचवून मी चार रात्री राहिलो, तेव्हा मी नेमके हेच करत होतो.

आपल्याकडे या गोष्टीला फार चांगला शब्द आहे, माहेरपण. बाळंतीण, आजारातून उठलेली, सासरी दमलेली, कोणीही असो, चार दिवस माहेरी पाठवा म्हणतात. या उत्सवात गौरीसुद्धा तीन दिवस माहेरी येते. पुरुषांना माहेर नसते असे आपण समजतो, पण बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून इथे आलेल्या आपल्या लोकांच्या घरी गावच्या देवाचा फोटो आणि गावच्या मातीची कुंडी का असते, ते सांगायला नको.

मला वाटते पुस्तकाचे खरे मोठेपण डॉक्टरच्या पुढच्या कथेत आहे. ज्याने हायडीला घरी पाठवले त्याचीच एकुलती एक मुलगी वारते. तो मोडून पडतो आणि क्लाराऐवजी तोच डोंगरावर जातो. त्याला कोणी बरे करत नाही. हायडी त्याच्याबरोबर हिंडते, आजोबा त्याच्याशी बोलतात, एवढेच. पुढे तो त्याच गावात घर घेतो. योहाना स्पिरी यांचे वडील डॉक्टर होते, त्यामुळे घरात रोगी येताना-जाताना त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. पुस्तक आल्यानंतर तीनच वर्षांनी, १८८४ मध्ये, त्यांचा एकुलता एक मुलगा आणि पती दोघेही गेले. त्या स्वतः १९०१ पर्यंत जगल्या आणि लिहीत राहिल्या.

आई गावी आहे. भाऊ तपासणीला वेळच्या वेळी पुण्याला नेतो, गेल्या दोन तपासण्या ठीक आल्या, पुढची कार्तिकात आहे. फोनवर ती तब्येतीचे विचारले की उत्तर देत नाही, शेवग्याला किती शेंगा लागल्या ते सांगते.

माझी प्रत मी मंडळाच्या वाचनालयात देत आहे. दोन्ही भाग एकाच पुस्तकात आहेत, भाषांतर इंग्रजी असले तरी सोपे आहे, सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमेल. मात्र क्लाराच्या खुर्चीचे पीटर काय करतो, ते मुलांना आधी सांगू नका. आरतीची वेळ झाली आहे, सेक्रेटरी घड्याळ दाखवत आहेत. गणपतीबाप्पा मोरया!