सामू सातचा आग्रह सोडा



चिंचोळी औद्योगिक वसाहतीत उभं राहून रसायनशास्त्रावर बोलायचं, तर सुरुवात अमाइनपासूनच करायला हवी. सोलापूरच्या बालाजी अमाइन्सचा एक कारखाना इथंच आहे. मिथेनॉल आणि अमोनिया यांच्या अभिक्रियेतून मिथाइल अमाइन तयार होतं. अमोनिया काय किंवा अमाइन काय, दोन्ही सौम्य आम्लारी. आणि रंग बदलून अभिक्रियेचा शेवट दाखवणारा दर्शक नीट निवडला की नाही, हे सौम्य आम्लारीपाशीच कळतं.

रंग बदलणारं द्रव्य आपल्या सोलापूर जिल्ह्याला नवं नाही. पंढरपूरचं कुंकू सगळ्यांना ठाऊक आहे. हळदीला चुना किंवा टाकणखार लागला की तिच्यातलं कर्क्युमिन लाल होतं. प्रयोगशाळेतले दर्शकही याच रीतीनं वागतात. दर्शक स्वतःच सौम्य आम्ल किंवा सौम्य आम्लारी असतो, असं स्पष्टीकरण विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिलं. रेणूवर प्रोटॉन असताना एक रंग, तो निघून गेला की दुसरा. एक रूप दुसऱ्याच्या साधारण दहापट झाल्याशिवाय आपल्या डोळ्यांना रंग स्वच्छ दिसत नाही. म्हणून रंगबदल एका बिंदूवर होत नाही, तो सामूच्या पट्ट्यात होतो: फिनॉल्फ्थॅलिनचा 8.2 ते 10, मिथाइल रेडचा 4.4 ते 6.2, मिथाइल ऑरेंजचा 3.1 ते 4.4.

यातल्या एकाच्याही पट्ट्यात 7 येत नाही. विद्यार्थी इथंच अडखळतात. उदासिनीकरण म्हणजे सामू 7, हे शाळेत इतकं पक्कं बसलेलं असतं की पुढं ते निघता निघत नाही.

आता प्रत्यक्ष पाहू. शंकुपात्रात 25 मिलिलिटर अमोनियाचं 0.1 मोलर द्रावण घ्या, ब्युरेटमध्ये तितक्याच तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल भरा आणि दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलिन टाका. द्रावण गडद गुलाबी होईल. साधारण 4 मिलिलिटर आम्ल गेल्यावर सामू 10च्या खाली येतो आणि गुलाबी रंग उतरू लागतो. तो उतरतच राहतो, हळूहळू, कंटाळा येईपर्यंत. रंग पुरता जातो तेव्हा ब्युरेटवर जेमतेम 23 दिसतात. म्हणजे जवळपास 8 टक्के अमोनिया अजून तसाच शिल्लक! विद्यार्थ्याचा हात स्थिर होता, वाचनही बरोबर होतं. तरी उत्तर चुकलं.

तोच प्रयोग मिथाइल रेड घेऊन करा. 24.95 मिलिलिटरपर्यंत द्रावण पिवळंच राहतं, सामू साडेसहाच्या आसपास. पुढच्या दोन थेंबांत तो 4पर्यंत कोसळतो आणि द्रावण लाल होतं. इथं उरतं ते अमोनियम क्लोराइड, आणि त्याच्या द्रावणाचा सामू मुळातच 5.3च्या जवळ असतो. पट्टा त्या आकड्याभोवती बसणारा हवा, 7भोवती नव्हे. याउलट ॲसिटिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड असेल, तर शेवट 8.7च्या आसपास होतो आणि फिनॉल्फ्थॅलिनच योग्य ठरतं.

मिथाइल ऑरेंजचं अमाइनशी नातं तर अगदी जवळचं आहे. सल्फॅनिलिक आम्लावर बर्फात थंड ठेवून सोडियम नायट्राइट आणि आम्ल यांची क्रिया करतात, मग त्यात डायमिथाइल ॲनिलिन मिसळतात. म्हणजे हा दर्शक अमाइनपासूनच घडतो. हा ॲझो रंग. आम्लात ॲझो बंधातल्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसतो आणि पिवळ्याचा लाल होतो.

आणखी एक सांगतो, कारण प्रात्यक्षिकात हे हमखास घडतं. रंग गडद दिसावा म्हणून मुलं दर्शक ओततात. तो स्वतः आम्ल किंवा आम्लारी असल्यानं ब्युरेटमधल्या द्रावणाचा वाटा खातो. दोन-तीन थेंब पुरेत. खाली पांढरी फरशी किंवा कागद ठेवा, रंग त्यानंच उठून दिसेल.

वहीत दर्शकाच्या नावापुढं फक्त ‘योग्य’ असं लिहू नका. अंतिम बिंदूचा सामू आधी गणितानं काढा, तो आकडा लिहा आणि मग बाटलीला हात लावा.