घायपाताचे वैर कोणाशी?



वसंतातल्या व्याख्यानाला मोगरा सोडून घायपाताचा विषय घ्यावा, हे काहींना रुचणार नाही. बांधावर कुंपण म्हणून उभे राहावे, पानांतून वाख काढून दोर वळावेत, एवढीच आपण या झाडाची किंमत केली. पहारेकऱ्याला दिवाणखान्यात बसविण्याचाच हा प्रकार! पण 2019 च्या जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी येऊ लागले, तेव्हा उरलेली बादली गुलाबाला घालावी की घरात ठेवावी, हा प्रश्न पुष्कळांच्या अंगणात उभा राहिला होता.

घायपात मूळचे मेक्सिकोकडचे. बहुतेक झाडे दिवसा आपली श्वासरंध्रे उघडतात, हे रात्री उघडते. गारव्यात कर्बवायू साठवायचा आणि दिवसा दारे लावून त्यावर अन्न शिजवायचे, असा याचा संसार. त्यामुळे पाणी उडून जाते ते फार थोडे. 2013 च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा 47.9 अंशांवर गेला, तेव्हा आमच्या घायपातांची पाने थोडी सुरकुतली, एवढेच.

तीच झाडे जुलैत मेली. दोष आमचाच. काळ्या मातीत खोल खड्डा करून, शेणखत भरून आम्ही त्यांचे लाड केले होते. झड लागली, माती फुगली, खड्ड्याची विहीर झाली. पान धरून ओढले तर बुडासकट हातात आले, आणि त्याची दुर्गंधी काय सांगावी! एक पिलू मात्र आम्ही बांधकामातून उरलेल्या मुरमाच्या ढिगावर टाकून विसरलो होतो. ते जगले.

म्हणून नागपुरात खड्डा नको, उंचवटा करावा. हात-दीड हात मुरूम, विटांचे तुकडे, थोडी माती. पन्हाळीचे पाणी तिकडे येऊ देऊ नये. पिलू काढल्यावर चार-सहा दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, पाऊस सरल्यावर लावावे, गाभा मातीच्या वर राखावा. पहिल्या उन्हाळ्यात पंधरवड्याने पाणी पुरे. पुढे तेही नको. वाटेच्या कडेला मात्र लावू नये, काटा नेमका मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. आणि रस अंगाला लागला तर खाज सुटते.

बरीच वर्षे थांबून ते एकदाच फुलते आणि मरते. आमचे अजून फुललेले नाही. ढिगावरचे ते पिलू आता छातीइतके झाले आहे. त्याची काही पिले आम्ही येथे आणली आहेत. सभा संपल्यावर ज्यांना हवी त्यांनी न्यावीत, पण जाड कागदात गुंडाळून.