घरपोच माल पोहोचवणाऱ्या मुलांच्या गाडीचा विमा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या सभेत गाडीच्या विम्याचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. मी बँकेत कारकून आहे, विम्याचा एजंट नाही. मला कोणाची पॉलिसी खपवायची नाही. परंतु दुचाकीच्या कर्जाचे कागद रोज हातांखालून जातात, आणि त्यात एक गोष्ट वारंवार दिसते. ती आपल्या घरांशी निगडित आहे, म्हणून अध्यक्षांकडे दहा मिनिटे मागून घेतली.

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतली आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात आहेत. पणजोबा दरबारच्या चाकरीत, आजोबा सरकारी कचेरीत, वडील बँकेत किंवा कारखान्यात. आज त्याच घरातला पदवीधर मुलगा नोकरीची वाट पाहता पाहता पाठीवर पिशवी लावून अलकापुरीपासून वाघोडिया रोडपर्यंत जेवणाचे डबे आणि पार्सले पोहोचवतो. कष्टाचे काम आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा वाटतो तो आपल्याला. नातेवाइकांनी विचारले की आपण म्हणतो, “सध्या काहीतरी करतोय.” आणि जे काम आपण नातेवाइकांना सांगत नाही, ते विमा कंपनीलाही सांगायचे राहून जाते. सर्वांत महाग पडते ते हेच.

आता पॉलिसीत काय असते ते पाहू. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असे एक कलम असते. भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर आणि मालाची वाहतूक यांना ही पॉलिसी लागू नाही, असे त्यात छापलेले असते. नमुने आणि स्वतःचे सामान तेवढे चालते. आपण प्रीमियमचा आकडा पाहतो आणि कागद डिकीत टाकतो. हे कलम कोणी वाचत नाही. ते वाचले जाते अपघातानंतर, आणि तेही कंपनीकडून.

त्यातून तीन प्रकारचे नुकसान संभवते.

पहिले गाडीचे. पार्सल नेताना गाडी मोडली, तर याच कलमावर बोट ठेवून कंपनी दुरुस्तीचा दावा नाकारू शकते. गाडी कर्जाची असेल, तर बँकेचा हप्ता थांबत नाही. कमाईचे साधन गॅरेजमध्ये आणि हप्ता चालूच, अशी अवस्था होते.

दुसरे नुकसान समोरच्या माणसाचे, आणि ते फिरून आपल्याच दारी येते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो तो, सक्तीचा आहे. तो नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पण नुसता विमा असला म्हणजे सुटलो, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंह खटल्यात चालकाच्या परवान्याबाबत एक मार्ग घालून दिला : विमा कंपनीने जखमी माणसाला आधी भरपाई द्यावी आणि अटीचा भंग सिद्ध झाल्यास ती मालकाकडून वसूल करावी. परमिट नसलेल्या मालवाहू गाडीच्या प्रकरणातही २०१८ साली असाच निकाल झाला. जखमीच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण ‘मालकाकडून’ हा शब्द लक्षात घ्या. आपल्या घरांत स्कूटर बहुधा वडिलांच्या नावावर असते. अपघात झाला मुलाच्या हातून, आणि वसुलीची नोटीस येते निवृत्त वडिलांच्या नावे. भरपाई ठरते ती जखमीचे किंवा मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे पाहून. ती लाखांत जाते. भविष्यनिर्वाह निधीतून उरलेली पुंजी त्यात सहज संपू शकते.

तिसरे नुकसान खुद्द मुलाचे. मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा २०१८ पासून आहे. तो नोंदणीकृत मालकाला मिळतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर ते १५ लाख मुलाच्या वाट्याला येत नाहीत. काही मोठ्या कंपन्या आपल्या चालकांना गट अपघात विमा देतात, हे खरे. पण तो चालकाच्या जिवाचा आणि उपचाराचा असतो. त्यातून गाडी दुरुस्त होत नाही आणि समोरच्या माणसाची भरपाईही होत नाही.

काही मुले बिननोंदणीची छोटी विजेची स्कूटर वापरतात. २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या या गाड्यांना नोंदणी लागत नाही, म्हणून विम्याची सक्तीही नाही. सक्ती नाही म्हणजे जबाबदारी नाही, असे मात्र कोणी समजू नये. धडक दिली तर भरपाई स्वतःच्या खिशातून.

मग घरी जाऊन करायचे काय? आज रात्रीच पॉलिसी काढून वापराचे कलम वाचा. विमा कंपनीला लेखी कळवा की गाडी माल पोहोचवण्यासाठी वापरली जाते, आणि त्या वापराला लागू होणारी पॉलिसी मागा. उत्तरही लेखी घ्या, एजंटच्या तोंडी “चालेल हो” वर विसंबू नका. प्रीमियम जास्त पडेल, पण दावा नाकारला जाण्यापेक्षा ते स्वस्त आहे. गाडी मुलगाच चालवत असेल, तर ती त्याच्या नावावर करण्याचा विचार करा. मुलाच्या बचत खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे ना, तेही पाहा. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूस दोन लाखांचे संरक्षण मिळते. त्याची मुदत १ जून ते ३१ मे. कपातीच्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण तुटते. वारसाचे नाव नोंदलेले आहे की नाही, हेही तपासा.

आता मंडळाचे काम. ही सगळी जोखीम एकट्या मुलाने का उचलावी? माल कंपनीचा, नफा कंपनीचा, आणि गाडी, पेट्रोल व विमा मात्र मुलाचा. तो कंपनीचा ‘भागीदार’ म्हणवला जातो, कामगार नव्हे, त्यामुळे त्याला राज्य कामगार विमा योजना नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने अशा कामगारांची प्रथमच व्याख्या केली, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद केली. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली स्वतंत्र कायदेही केले. गुजरातचे काय, हे आपण आपल्या आमदारांना विचारले पाहिजे. मते मागायला ते आपल्या वाड्यांत येतात, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा.

म्हणून माझे दोन प्रस्ताव आहेत. एक, कामावर घेतानाच कंपनीने चालकाची पॉलिसी तपासावी आणि योग्य पॉलिसीच्या वाढीव प्रीमियमचा भार स्वतः उचलावा, असे निवेदन मंडळाने आमदार आणि खासदारांना द्यावे. दोन, महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या कार्यालयात पॉलिसी वाचून देण्याची सोय करावी. अर्ज लिहून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. मराठी, गुजराती कोणीही यावे, कारण रस्ता सर्वांचा एकच आहे.

अध्यक्ष महोदयांनी हे प्रस्ताव आजच मतास टाकावेत, ही विनंती.