‘काका हल्ली विसरतात’ म्हणण्याआधी

आज मी तिरुवैयारुहून बोलतोय. तंजावरहून दहा-बारा किलोमीटर, कावेरीच्या काठी. इथे त्यागराजांची समाधी आहे आणि दर पुष्य बहुल पंचमीला शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. म्हणजे ऐकणाऱ्यांचं गाव. आणि विषय आहे ऐकू न येण्याचा.

माझी सासुरवाडी तंजावरची. व्यंकोजीराजांच्या काळात इकडे आलेल्या मराठी घराण्यांपैकी एक. माझे एक काकासासरे ऐंशीच्या पुढचे. त्यांचं घरात तंजावरी मराठी, बाजारात तमिळ आणि नोकरीत इंग्रजी. दोन वर्षांपूर्वी घरात कुजबुज सुरू झाली, ‘काका विसरायला लागले.’ एका दवाखान्यात स्मरणशक्तीची चाचणी झाली. पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने परत विचारले. काकांना दोनच आले. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क, बाहेर रस्ता, वर पंखा. ते शब्द काकांच्या कानापर्यंत पोहोचले का, हे कोणी पाहिलंच नाही. जे ऐकलंच नाही ते माणूस विसरणार कसं?

मी तोफखान्यातला. आमच्याकडे कानांची तक्रार नवी नाही. मोठ्या आवाजाने आधी साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. वयानेही वरच्या पट्टीपासूनच सुरुवात होते. आतल्या कानात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात, गेल्या की परत उगवत नाहीत. म्हणून मृदंग ऐकू येतो, पण स, श, फ निसटतात. ‘ताट’, ‘ताक’ आणि ‘तास’ एकसारखेच वाटतात. ‘आवाज येतो, शब्द कळत नाही’ असं म्हातारी माणसं म्हणतात ते शब्दशः खरं असतं. गाळलेल्या जागा भरण्यात मेंदूची शक्ती खर्च होते, मग लक्षात ठेवायला उरते कमी. पुढे माणूस चारचौघांत बसणंच टाळतो.

लॅन्सेट आयोगाच्या 2024च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा लांबवता येण्यासारखी 14 कारणं आहेत, त्यांत श्रवणदोष आहे. पण यंत्र लावलं की स्मृतिभ्रंश टळला, असं कोणी विकत असेल तर सावध राहा. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवर तीन वर्षं प्रयोग झाला, 2023 मध्ये निकाल आला. सगळ्यांचा मिळून पाहिलं तर फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या गटात मात्र बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. त्यातही नुसतं यंत्र नव्हतं, श्रवणतज्ज्ञाचं वारंवार समुपदेशन होतं.

इथेच प्रशिक्षणाचा मुद्दा येतो. आपल्याकडे ऑडिऑलॉजीचं शिक्षण चांगलं आहे. म्हैसूरची संस्था जुनी, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983पासून आहे. पण कानाचा डॉक्टर, ऑडिऑलॉजिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, मेंदूचा डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ हे पुष्कळदा वेगवेगळ्या इमारतींत शिकतात आणि एकमेकांना चिठ्ठीतूनच भेटतात. फौजेत हे चालत नाही. तोफखान्याचा निरीक्षण अधिकारी पायदळाच्या कंपनीबरोबर चालतो, त्यांच्याच खंदकात बसतो. सराव एकत्र, म्हणून लढाईत भाषा एक. स्मृतीची चाचणी घेणाऱ्याला आधी ऐकणं तपासता आलं पाहिजे, आणि यंत्र बसवणाऱ्याला समोरचा माणूस गोंधळलेला आहे की बहिरा, याचा अंदाज आला पाहिजे. हे एकाच पेशंटसमोर एकत्र बसूनच शिकता येतं.

याच तंजावरात सरफोजीराजांनी (दुसरे) धन्वंतरी महालात वेगवेगळ्या वैद्यकपद्धतींचे वैद्य एकत्र आणले होते. त्यातून तमिळमध्ये ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’सारखे ग्रंथ तयार झाले. दोनशे वर्षं झाली त्याला!

आणखी एक गोष्ट, आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांसाठी. शब्द किती कळतात हे तपासायला शब्दयादी लागते. ती रुग्णाच्या भाषेत नसेल तर निकाल कानाचा की भाषेचा, सांगता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बुद्धीच्या चाचण्यांचा संच केला, तो सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम् या भाषांत. मराठी नाही, तमिळही नाही. काकांसारखा माणूस दोन्हीकडून कोरडा.

काकांचं पुढे काय झालं? दुसरीकडे आधी कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांना यंत्रं बसली. महिनाभर मेंदूला भांड्यांचा आवाजसुद्धा नकोसा होता. मुलीने रोज अर्धा तास समोर बसून वाचून दाखवलं, काका ऐकून तेच परत म्हणत. स्मृतीची चाचणी पुन्हा झाली, पाचपैकी चार शब्द आले. थोडं विसरणं आहेच, त्यावर वेगळे उपचार सुरू आहेत. पण घरच्यांनी मालमत्तेच्या कागदांवर ‘आता त्यांना काही कळत नाही’ म्हणून जी घाई चालवली होती, ती थांबली. काकांनी स्वतः वाचून सही केली नाही, नकार दिला!

यंत्र घेताना दुकानदाराला विचारा, कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष मोजमाप करणार का? गाणं ऐकणारे असाल तर संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घ्या, कारण बोलण्यासाठी जुळवलेल्या यंत्रात तंबोरा बिघडल्यासारखा वाटतो. आणि वडीलधाऱ्यांना स्मृतीच्या तपासणीला नेण्याआधी कानातला मळ काढून घ्या, ऑडिऑग्राम बरोबर ठेवा, चाचणी कोणत्या भाषेत आहे ते फोनवरच विचारा.