मधुमेह : लपवावयाचा नव्हे, सांभाळावयाचा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जुळे सोलापूर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने आरोग्यावर काय बोलावे? परंतु गेली दोन वर्षे मी स्वतः मधुमेहाच्या शाळेतला विद्यार्थी आहे. तेथे जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवणे हे माझे कर्तव्य आहे, असे समजून उभा राहिलो आहे.

आरंभ घरातील एका दुःखद हकीकतीने करतो. वहिनींच्या संमतीने ती सांगत आहे. माझे थोरले बंधू यांना १९९८ साली मधुमेह असल्याचे कळले. त्या वर्षी त्यांच्या कन्येच्या विवाहाची बोलणी चालू होती. ‘घराण्यात गोड लघवीचा विकार आहे’ असे लोकांत पसरले तर स्थळ मोडेल, या भयाने त्यांनी ही गोष्ट बायकोवाचून कोणास कळू दिली नाही. औषधे चोरून आणावयाची, पथ्य पाळले तर लोक विचारतील म्हणून पंक्तीत जिलबी खावयाची, असे नऊ वर्षे चालले. पुढे तर कोणीतरी दिलेली मुळ्यांची पूड घेऊन गोळ्याही सोडल्या. २००७ साली चपलेचा अंगठा लागून पायास लहानशी जखम झाली. पायाची संवेदना गेलेली असल्याने ती त्यांना समजली नाही. समजली तेव्हा गुडघ्याखाली पाय काढावा लागला. कन्येचा विवाह सुखाने पार पडला होता. पण तिच्या बारशाच्या आमंत्रणाला बंधू कुबड्यांवर आले.

यातून आपणांस काय बोध घ्यावयाचा? रोगाने त्यांचा पाय नेला हे खरे. परंतु रोगाला नऊ वर्षांची मुदत आम्ही सर्वांनी मिळून दिली. लपविणाऱ्याने लपविले आणि ज्यांच्यापासून लपविले ते आम्ही आग्रहाने वाढीत राहिलो. लपवणूक आणि आग्रह हे दोन शत्रू आपल्या ज्ञातीत घर करून बसले आहेत. माझे आजचे सारे बोलणे या दोहोंसंबंधी आहे.

दोन वर्षांपूर्वी एका तपासणी शिबिरात माझी पाळी आली. उपाशीपोटी रक्तातील साखर १६४ निघाली. हा आकडा १२६ किंवा त्याहून अधिक असून दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर मधुमेह समजतात. मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची दुसरी परीक्षा आहे. तिची मधुमेहाची मर्यादा ६.५ टक्के, माझा आकडा ७.९ होता. मला ना तहान लागत होती, ना थकवा होता. हा रोग बहुधा पावलांचा आवाज न करता येतो, म्हणून तो तपासणीनेच पकडावा लागतो.

मी डॉक्टरांस म्हणालो, ‘मी तर सडपातळ आहे. मला हा रोग कसा?’ त्यांनी फीत घेऊन माझे पोट मोजले. ते ९४ सेंटिमीटर भरले. भारतीय पुरुषाचे पोट ९० आणि स्त्रीचे ८० सेंटिमीटरच्या आत असावे असा संकेत आहे. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, ही आपल्या लोकांची विशेष ठेवण आहे. या विषयाचा अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे केला. २००४ साली त्यांनी डॉ. युडकिन या इंग्रज मित्रासमवेत आपले छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंची व वजन यांचे प्रमाण दोघांचे अगदी सारखे; तथापि इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! तेव्हा तराजूवर विसंबून राहू नये, कमरेलाही साक्षीस बोलवावे. पोटातील ही चरबी यकृतात साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि स्वादुपिंड हळूहळू दमून जाते.

डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि आहार व चालणे नेमून दिले. पहिल्या महिन्यात मी मोठी चूक केली. ‘माझे वेगळे करा’ असे फर्मावून सौभाग्यवतींना दोन स्वयंपाक करावयास लावले. एका घरात दोन चुली पेटल्या. त्या दमल्या, मी चिडचिडा झालो आणि ताटातल्या पोळीकडे पाहून दोनदा चोरीही केली. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘तुमचे पथ्य म्हणजे आजारपण नव्हे, आपल्या सासूबाईंचा स्वयंपाक आहे. सगळ्यांनीच तो जेवू या.’ त्या दिवसापासून घर सुधारले.

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आपला सोलापूर जिल्हा मुळात ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला. आपल्या आजोबांच्या ताटात भाकरी, हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, पातळ ताक आणि रानातील पालेभाजी असे. पोळी सणाला आणि साखर पाहुण्याला. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, ऊस वाढला आणि आज हा जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात अग्रभागी आहे. पाण्याने आपणांस समृद्धी दिली. तिचा उपमर्द मी करीत नाही. परंतु ऊस शेतात वाढावा, ताटात नव्हे.

येथे एक सावधगिरीची सूचना. ज्वारी हे औषध नव्हे. तीही पिष्टमय धान्यच आहे आणि चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. म्हणून मी ताटाचे भाग पाडले आहेत: अर्धे ताट भाजी आणि काकडी, मुळा, गाजर अशी कोशिंबीर, पाव ताट डाळ किंवा उसळ, उरलेले पाव ताट भाकरी. भाजी आणि उसळ आधी, भाकरी नंतर. आपली शेंगाचटणी ताटात अवश्य असावी, पण चमच्याने. शेंगदाण्यात तेल फार. गूळ आणि मध हे साखरेचे सख्खे भाऊ आहेत, ‘गूळ चालतो’ ही आपली समजूत सोडावी. एकादशीचा उपवास तर मधुमेह्याला पंक्तीच्या जेवणाहून अवघड, कारण साबुदाणा, बटाटा आणि रताळे ही तिन्ही पिष्टमय. विठ्ठलास साबुदाण्याची आवड होती असे मी कोठे वाचले नाही.

आता एक गणित. शाळामास्तरास ते सोडवत नाही. दिवसाचे सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमच्यात ४ ग्रॅम धरले तर दिवसाला ४८ ग्रॅम, वर्षाला सतरा किलोहून अधिक! हे मी सांगितले तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी वही घेऊन स्वतः गुणाकार केला आणि दुसऱ्या दिवसापासून ते दोन कप बिनसाखरेचा चहा घेऊ लागले.

व्यायामाविषयी आपला वारसा फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रोग्यास शंभर योजने चालावे, मुनीसारखे साधे धान्य खावे, श्रम करावे, प्रसंगी विहीर खणावी, असे सुचविले आहे. श्रीमंताचा रोग गरिबाच्या श्रमाने जातो, ही जाणीव त्या काळीही होती. मात्र सुश्रुतांनी पादत्राणे न घालता चालावे असेही म्हटले आहे. ती एक गोष्ट आपण घेऊ नये. माझ्या बंधूंचा पाय आठवावा. मधुमेह्याने अनवाणी फिरू नये, रोज रात्री तळवे पाहावेत, स्वतः दिसत नसल्यास आरसा घ्यावा. आषाढीच्या वारीला जाणाऱ्या आपल्या माळकऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

मी स्वतः सूर्योदयापूर्वी निघतो आणि विजापूर रस्त्याने धर्मवीर संभाजी तलावाच्या दिशेने झपझप चालतो. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग असावा. आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे, म्हणजे एकूण दीडशे मिनिटे. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो; तेव्हा पहाटेची वेळ चुकली तर घराच्या गच्चीवर रात्री फिरावे. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटे फिरणेही गुणकारी आहे, कारण चालणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस, भिंतीवर हात टेकून दंड, असे जोराचे व्यायामही करावेत; स्नायू हेच साखरेचे कोठार आहे.

याचा उपयोग होतो का, असे कोणी विचारील. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींची पाहणी केली. तिचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, नेहमीप्रमाणे वागणाऱ्यांपैकी शंभरात ५५ जणांस मधुमेह झाला. आहार व चालणे सांभाळणाऱ्यांत तो ३९ जणांस झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका प्रयोगात, आधीच्या सहा वर्षांत मधुमेह झालेल्या स्थूल व्यक्तींना वैद्यकीय देखरेखीखाली अत्यल्प आहारावर ठेवले होते. वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. दुसऱ्या वर्षअखेर हे प्रमाण ३६ टक्के उरले. यात आशा आहे आणि इशाराही आहे: आरंभीच लक्ष दिल्यास रोग मागे हटतो, पण पाठ फिरवताच परत येतो.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचविलेली दोन वेळाच जेवण्याची पद्धतही अनेक जण आचरतात. ती असो वा दुसरी असो, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवण वगळू नये. साखर एकाएकी खाली उतरून घाम, थरकाप आणि मूर्च्छा येण्याचा धोका असतो. आहार आणि व्यायाम हे औषधाचे मित्र आहेत, वैरी नव्हेत. माझे वजन नऊ महिन्यांत ७४ किलोंवरून ६७ झाले, एचबीएवनसी ६.३ वर आले आणि डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. ती मी आपल्या मनाने तोडली नाही. बंधूंनी ती चूक आमच्या वाट्याची करून ठेवली आहे.

बंधुभगिनींनो, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हा ज्या घराण्यात मधुमेह नाही असे घराणे शोधावयास निघालात, तर वधूवर दोघेही अविवाहित राहतील! ज्याने तपासणी केली आणि पथ्य पाळले, ते घर सोयरिकीस अधिक भरवशाचे, असे आपण मानू लागले पाहिजे.

म्हणून मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, दरवर्षी वधूवर मेळाव्याच्याच दिवशी तिशी ओलांडलेल्या सर्वांची रक्तशर्करा व कमर यांची तपासणी ठेवावी, म्हणजे ती लाजेची गोष्ट राहणार नाही. दुसरी, संमेलनाच्या भोजनात भाकरी, उसळ आणि ताक हे मुख्य अन्न असावे. गोड पदार्थ एकच, तोही मागेल त्यालाच. तिसरी, पंक्तीत आग्रह करण्याची प्रथा बंद करावी. ‘पुरे’ या शब्दाचा अर्थ ‘आणखी वाढा’ असा नाही, हे मी छत्तीस वर्षे मुलांना शिकविले. आता मोठ्यांना शिकवितो.

शेवटी एवढेच सांगतो. ज्या पुतणीच्या विवाहासाठी बंधूंनी रोग लपविला, तिची साखर गेल्या श्रावणात वाढलेली निघाली. ती आली, दार लोटून घेतले आणि म्हणाली, ‘काका, कोणाला सांगू नका, आता माझ्या मुलीचे पाहायचे आहे.’ मी उत्तर दिले नाही. भिंतीवरील बंधूंच्या छायाचित्राकडे पाहिले. तिनेही पाहिले. थोड्या वेळाने तिने स्वतःच दार उघडले आणि आईस हाक मारून सारे सांगितले. आज ती आपल्या मुलीसह या सभेत बसली आहे आणि हे सांगण्याची अनुज्ञा तिनेच मला दिली आहे. रोज पहाटे ती माझ्याबरोबर चालते. तिचा वेग माझ्याहून अधिक आहे. मला मागे पडण्यात आनंद वाटतो.