खिशातील नोंदवही कशी निवडावी?

(एटापल्ली येथे ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. ग्रामसभेने किंवा ग्रामपंचायतीने नोंदी ठेवण्यासाठी हातात मावणारे यंत्र घ्यावयाचे ठरविले, तर ते कोणते घ्यावे आणि कशावरून पारखावे, एवढाच तो प्रश्न आहे. परंतु आपल्या भागात नोंद ही किरकोळ बाब नाही. वनहक्क अधिनियम २००६ साली संमत झाला. पेसा कायद्याखालील महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले. मेंढा (लेखा) या आपल्याच जिल्ह्यातील गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील शेकडो गावे त्याच मार्गाने गेली. तेंदूपाने व बांबू यांचा व्यवहार अनेक ग्रामसभा स्वतः करू लागल्या. व्यवहार हाती आला म्हणजे हिशेबही हाती येतो. कोणाच्या घरातून किती पुडे आले, किती रक्कम देणे राहिले, गावाची सीमा कोणत्या नाल्यापाशी वळते, याची नोंद चुकली तर नुकसान थेट माणसाच्या पदरी पडते.

नोंदवहीचे यंत्र ही कल्पना नवी नाही. गेल्या चाळीस वर्षांत अशी अनेक यंत्रे आली आणि गेली. त्यांच्या गुणदोषांचा धडा आपल्याला आयता मिळालेला आहे. तो ध्यानात घेतला, तर पैसा व श्रम दोन्ही वाचतील.

पहिली परीक्षा : वीज गेली तर नोंद राहते काय?

१९८० च्या दशकात कॅसिओ व शार्प या जपानी कंपन्यांनी खिशात मावणाऱ्या डिजिटल डायऱ्या बाजारात आणल्या. पुढे आपल्या शहरांतील अधिकारी व व्यापारी यांच्या खिशातही त्या दिसू लागल्या. नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि भेटीची वेळ त्यात ठेवता येई. परंतु त्यांची स्मृती नाण्याएवढ्या बॅटरीवर जिवंत राहत असे. म्हणून मुख्य बॅटऱ्या बदलताना राखीव बॅटरी जागेवर असणे आवश्यक होते. दोन्ही एकाच वेळी काढल्या, की वर्षभराचे टिपण नाहीसे होई.

१९८४ साली इंग्लंडच्या सायन कंपनीने 'ऑर्गनायझर' हे यंत्र काढले. त्यात नोंदी वेगळ्या काढता येणाऱ्या स्मृतिपेटीत जात आणि बॅटरी संपली तरी त्या टिकत. मात्र खोडलेल्या नोंदीची जागा मोकळी होत नसे. संपूर्ण पेटी अतिनील किरणांखाली धरून पुसावी लागे. वापरायला हे अडचणीचे होते, पण हिशेबाच्या दृष्टीने त्यात एक गुण होता : जे लिहिले ते सहजासहजी पुसले जात नव्हते.

आजच्या मोबाईल संचात व टॅबलेटमध्ये बॅटरी उतरली म्हणून नोंद पुसली जात नाही. तरी प्रश्नाचे मूळ तसेच आहे. पावसाळ्यात नाले भरून वाहू लागले, की आपली कित्येक गावे दिवसेंदिवस तुटतात. अशा वेळी वीज नसते आणि मोबाईलचे जाळेही मिळत नाही. जे यंत्र जाळ्याशिवाय नोंद स्वीकारत नाही, ते या तालुक्यात निम्मे वर्ष अडून बसेल. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा : जाळे नसताना नोंद लिहिता येते काय, आणि ती यंत्रातच सुरक्षित राहते काय?

दुसरी परीक्षा : आपले नाव आपल्या लिपीत लिहिता येते काय?

त्या पहिल्या डायऱ्यांची लिपी प्रायः रोमन किंवा जपानी असे. १९९३ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीने 'न्यूटन' हे यंत्र काढले. माणसाचे हस्ताक्षर आपण वाचू, असा त्याचा दावा होता. आरंभी ते इतके चुकीचे वाचू लागले, की वृत्तपत्रांत त्याची थट्टा झाली. १९९८ साली ते बंद पडले. १९९६ च्या 'पाम पायलट'ने उलट मार्ग धरला. माणसाने ठराविक सोप्या वळणाची अक्षरे शिकावीत, यंत्र तेवढीच ओळखील, असा तो करार होता. तो यशस्वी झाला, पण रोमन अक्षरांपुरताच.

देवनागरीची वाट आपल्या देशात वेगळी काढावी लागली. कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने वाढविले. आज युनिकोडमुळे जोडाक्षरांची अडचण बहुतांशी दूर झाली आहे. तरीही चाचणी घेतल्याशिवाय यंत्र घेऊ नये. गावातील दहा माडिया नावे आणि दहा पाड्यांची नावे त्यात लिहून पाहावीत. दुसऱ्या दिवशी तीच नावे शोधून पाहावीत. एकच नाव दोन तऱ्हेने लिहिले गेले, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे होतात, आणि एकाची मजुरी दोघांत विभागली जाते. शिक्षक बंधूंनी आधी गावाची प्रमाण नामावली करून दिली, तर ही चूक टळेल.

तिसरी परीक्षा : आपली गरज किती आहे?

जाहिरातीत स्मृतीचे व वेगाचे मोठमोठे आकडे असतात. आपण आपला आकडा काढून पाहू. समजा, एका गावातील ८० कुटुंबे १२ दिवस तेंदूपाने गोळा करतात. कुटुंबामागे रोज एक नोंद धरली, तर ९६० नोंदी होतात. नाव, तारीख व पुड्यांची संख्या मिळून एका नोंदीस ४० अक्षरे धरली, तर एकूण ३८,४०० अक्षरे. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला तिप्पट जागा लागते असे मानले, तरी हा आकडा सव्वा लाखाच्या आत राहतो. १९९६ च्या सर्वांत लहान पाम पायलटची एकूण स्मृती १२८ किलोबाइट, म्हणजे जवळजवळ तेवढीच होती. थोडक्यात, एका हंगामाच्या हिशेबाला लागणारी स्मृती आजच्या अगदी साध्या संचातही कित्येक पटींनी असते. तेव्हा जादा पैसे मोठ्या स्मृतीवर न घालता मजबूत बांधणी, उन्हात वाचता येणारा पडदा आणि टिकाऊ बॅटरी यांवर घालावेत.

या बाबतीत वारणेचा अनुभव बोलका आहे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. बाजारभाव, शिक्षण, शेतीसल्ला असे अनेक हेतू तीत होते. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा शेतकरी मुख्यतः उसाचे वजन, खताची उचल आणि देय रक्कम एवढेच विचारतात असे आढळले. मग सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने ही माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि तो स्वस्त व सोयीचा ठरला. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी ग्रामसभेने कागदावर लिहून काढावे : आम्हाला नेमके कोणते तीन प्रश्न विचारायचे आहेत?

चौथी परीक्षा : ते कोणाच्या हाताला चालेल?

दक्षिण आफ्रिकेत लुई लिबेनबर्ग यांनी १९९० च्या दशकात जंगलातील माग काढणाऱ्या स्थानिक जाणकारांसाठी 'सायबरट्रॅकर' ही आज्ञावली हातातील यंत्रावर बसविली. या जाणकारांपैकी काहींना लिहितावाचता येत नव्हते, पण प्राण्याच्या पाऊलखुणेवरून ते पुष्कळ काही सांगू शकत. पडद्यावर अक्षरांऐवजी चित्रे ठेवण्यात आली. जाणकाराने चित्र निवडले, की ठिकाण उपग्रहाच्या आधारे आपोआप नोंदले जाई. ज्ञान ज्याच्याजवळ आहे त्याच्याच हातात यंत्र गेले, हे त्या प्रयोगाचे मर्म होय.

आपल्याकडेही जंगलाची वाट, मोहाचे झाड आणि जुनी सीमा ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील पुष्कळांना मराठी अक्षरांचा सराव नाही. यंत्र केवळ सचिवालाच चालवता आले, तर बाकीचे गाव पाहुणे राहील. याच संदर्भात एक तांत्रिक गोष्ट सांगतो. दाट झाडीखाली उपग्रहाचा संकेत अडतो आणि मापात काही मीटरांचा फरक पडतो. म्हणून सीमेच्या प्रत्येक बिंदूसोबत नाला, दगड वा झाड यांची खूणही लिहावी. यंत्राचा आकडा आणि वृद्धांची साक्ष एकमेकांना पडताळतील.

पाचवी परीक्षा : नोंद कोणाची?

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व एन्कोर कंपनीचे तंत्रज्ञ यांनी मिळून २००१ साली 'सिंप्यूटर' हे हातातील यंत्र तयार केले. सोपा, स्वस्त आणि अनेक भाषांचा लोकसंगणक हे त्यांचे ध्येय होते. यंत्र गावाचे एक, पण प्रत्येकाजवळ स्वतःचे स्मार्ट कार्ड, आणि आपली माहिती त्या कार्डावर, अशी त्यांची योजना होती. २००४ साली ते विक्रीस आले. पण किंमत अपेक्षेइतकी उतरली नाही आणि त्याचा प्रसार मर्यादितच राहिला. यंत्र मागे पडले, तरी त्यातील विचार आपण घ्यावा असा आहे : यंत्र सामाईक असले, तरी नोंदीचा धनी ती ज्याची आहे तोच.

कर्मचाऱ्याची बदली होते, सचिव बदलतो, कंपनी बंद पडते. परवलीचा शब्द एकाच माणसाजवळ असला, तर त्याच्याबरोबर गावाचा हिशेबही निघून जातो. म्हणून यंत्र घेताना अट घालावी, की सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता आल्या पाहिजेत आणि दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर वाचता आल्या पाहिजेत. ज्या यंत्रातून नोंद बाहेर येत नाही, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

कार्यपद्धती

शेवटी काही व्यावहारिक सूचना करतो. पहिला हंगाम एकाच फडावर यंत्र चालवावे आणि त्याच्या जोडीला कागदी वही चालू ठेवावी. रोज सायंकाळी दोन्हींची बेरीज फडावरच ताडून पाहावी आणि मोठ्याने वाचून दाखवावी. माडियातून वाचली तर अधिक चांगले. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, हे गणित संकलन करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. तिला फक्त तिचा आकडा ऐकू आला पाहिजे. परवलीचा शब्द किमान तीन व्यक्तींना ठाऊक असावा आणि त्यांत एक महिला असावी. महिन्यातून एकदा नोंदींची प्रत वेगळ्या स्मृतिपट्टीवर काढून ग्रामसभेच्या पेटीत ठेवावी व छापील प्रत वहीला जोडावी. सौरऊर्जेवर यंत्र भारित करण्याची सोय खरेदीच्या अंदाजपत्रकातच धरावी. हंगाम संपल्यावर दोन्ही हिशेब जुळले, तरच ग्रामसभेने पुढील खरेदीचा ठराव करावा.

मित्रहो, डिजिटल डायरी, न्यूटन, पाम पायलट, सिंप्यूटर ही सर्व यंत्रे आज वापरातून गेली आहेत. आपण आज घेऊ तेही काही वर्षांनी जाईल. तेंदूपानाचा हिशेब आणि गावाची सीमा मात्र पुढच्या पिढीलाही लागणार आहे. यंत्राची निवड करताना ही नोंद त्याच्यानंतरही टिकेल ना, एवढे पाहिलेत, तर आपला निर्णय सहसा चुकणार नाही.